बोट हलतंय, बघा

माझं काम काय, असं कोणी विचारलं की मी सांगते, पोरं किती झोपलीत ते बघायचं. ऐकणारा हसतो. हसू दे. मंचरला मुलांच्या एका दवाखान्यात, आयसीयूत मी सिस्टर आहे. श्वासाच्या मशीनवर असलेल्या पोराच्या घशात नळी असते, ती सहन व्हावी म्हणून त्याला गुंगीचं औषध चालू ठेवावं लागतं. गुंगी कमी पडली तर पोर नळी उपटतं, मशीनशी भांडतं. जास्त झाली तर मशीन सुटता सुटत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळानं जाऊन बघायचं, हाक मारून, मग गालाला हात लावून, आणि तरीही काही नाही तर पेन आडवं धरून नखावर दाबून. पोर काय करतं त्यावरून एक अंक लिहायचा आणि त्या अंकावरून औषध वर किंवा खाली.

या कामात मी चांगली आहे, असं मला लई वाटायचं. दारातून बघूनच मी अंक सांगायचे. नव्या मुली मॉनिटरकडे टक लावून बसल्या की मी ओरडायचे, ‘अगं, पोराकडे बघ की! तिकडं काय सिनेमा लागलाय?’ मी फटकळ आहे. सासरी, अवसरी बुद्रुकला, हे सगळ्यांनी भोगलंय आणि माहेरी डिंगोऱ्यात त्याचं अजून कौतुक होतं. पण पोरांच्या बाबतीत माझा हात हलका आहे, असं सगळे म्हणत. मीही म्हणायचे.

ती पोरगी आली भात कापणीच्या दिवसांत. घोडेगावहून जी एसटी वर डोंगरात जाते, तिच्या अगदी शेवटच्या थांब्यावरचं गाव. दुसरीत शिकणारी, किडकिडीत, कानात दोऱ्याचे डूल. आजोबांशेजारी खाली जमिनीवर झोपली होती. सकाळी पोटात दुखतंय म्हणाली, मग पापण्या वर राहीनात, मग बोलताना जीभ जड व्हायला लागली. साप चावला होता, मण्यार. तिचं असंच असतं. चावते ते मुंगी चावल्यासारखं, ना सूज, ना रक्त. घोडेगावला इंजेक्शनं सुरू करून तिथल्या डॉक्टरांनी तिला आमच्याकडे धाडलं. आली तेव्हा तिचे दोन्ही गाल लालभडक होते. मी विचारलं, हे काय? तर आजोबांनी जीपमध्ये सगळ्या वाटेनं तिला चापट्या मारल्या होत्या, झोपू नये म्हणून.

मला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्याकडे ही समजूत अशीच आहे. पान लागलेल्या, म्हणजे साप चावलेल्या, माणसाला झोपू द्यायचं नाही, झोपला की गेला. डिंगोऱ्यात माझ्या लहानपणी अशा माणसाला मारुतीच्या देवळात बसवून कडुनिंबाचा पाला चावायला देत आणि डुलकी लागली की चिमटे काढत. लोक काही वेडे नाहीत. त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं की आधी पापण्या मिटतात आणि मग श्वास थांबतो. त्यांना वाटतं झोपेनं मारलं. खरं तर ती झोप नसतेच. विषानं अंगातली शक्ती जाते, पापणी उचलायचीसुद्धा. आत माणूस टक्क जागा असतो.

आमच्या डॉक्टरांनी नळी घातली, मशीन लावलं, आणि आम्हाला सगळ्यांना बजावलं. ‘या मुलीचा अंक काढू नका. हिला हलता येत नाही, म्हणून ती गाढ झोपली असं वाटेल, पण तिला ऐकू येतं आणि दुखतंही. नख दाबायचं नाही. नाडी बघा, घाम बघा, डोळ्यांतलं पाणी बघा, आणि नळी निघेपर्यंत शांत झोपवून ठेवा.’ मी मान डोलावली. नव्या मुलींना हेच मी स्वतः शिकवलेलं होतं.

आणि मग दोन दिवसांनी आजोबा उठले.

घरात बोलणारे तेच. पोरीचा बाप गप्प, आई पदराचं टोक तोंडात धरून बसलेली. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की पंपातून झोपेचं औषध जातंय. झालं! म्हातारा आयसीयूच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘आमची पोरगी द्या. आमी नेतो. तुमी तिला झोपवून मारताय.’ डॉक्टरांनी समजावलं, परत समजावलं, तो ऐकेना. खाली जीप आणायला माणूस गेलासुद्धा.

माझं डोकं फिरलं. बाहेर येऊन मी त्याला झाडलाच. ‘नेताय? न्या! मशीन काय खांद्यावर घेणार का? दवाखान्याची पायरी उतरायच्या आत श्वास बंद पडेल तिचा, मग जागी ठेवा वाटेल तेवढी.’ त्यावर तो चिडला नाही. रडायलाच लागला. एवढा मोठा माणूस, लहान मुलासारखा. म्हणाला, ‘बाई, माझ्याशेजारी झोपली व्हती वो ती. ती जागी हाय एवढं दावा मला. मंग ऱ्हातो.’

त्या दिवशी सकाळीच मी बघितलं होतं की तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट किंचित हलतंय. विष उतरायला लागलं की असं बोटापासून सुरू होतं. मी म्हाताऱ्याला हात धरून आत नेलं. तिच्या कानाशी वाकून म्हणाले, ‘बाळा, आबा आलेत. बोट हलव.’ काही नाही. परत म्हटलं. काही नाही. म्हाताऱ्याचा चेहरा उतरायला लागला. मी खिशातलं पेन काढलं आणि तिच्या नखावर दाबलं.

बोट हललं. ‘बोट हलतंय, बघा!’ मी म्हणाले. म्हाताऱ्यानं मलाच हात जोडले. खाली जाऊन त्यानं जीप परत पाठवली.

त्या एका वेळेबद्दल मी स्वतःला दोष देत नाही. नेली असती तर ती वाचली नसती. पण तिथंच थांबायला हवं होतं, आणि मी थांबले नाही.

संध्याकाळी भेटायच्या वेळी म्हातारा परत आला, बरोबर पोरीचा चुलता. ‘सिस्टर, त्याला बी दावा की.’ दाखवलं. दुसऱ्या दिवशी मामा आला, आत्या आली, गावचे सरपंच आले. एकेकाला आत सोडायचं, तिच्या कानाशी हाक मारायची आणि दाबायचं. ‘बोट हलतंय, बघा!’ माणसं खूश व्हायची. चुलत्यानं मोबाइलवर व्हिडिओ काढला. आत मोबाइल चालत नाही, पण मी काही बोलले नाही, उलट केस नीट केले. तो व्हिडिओ त्यांच्या गावच्या ग्रुपवर फिरला. घोडेगावच्या बाजारात कोणीतरी आमच्या ह्यांना थांबवून म्हणालं, ‘तुमच्या मंडळींनी त्या मण्यारवाल्या पोरीला जागं ठेवलंय म्हणे.’ ह्यांनी घरी येऊन सांगितलं आणि मी वरवर म्हटलं, ‘काहीतरीच!’ पण भाकरी थापताना गाणं गुणगुणत होते. आज त्या गुणगुणण्याची मला शिसारी येते.

पुढचं सांगायलाही लाज वाटते, पण सांगायलाच हवं. औषध थोडं वरखाली करायची मुभा आम्हा सिस्टरांना होती, डॉक्टरांनी आखून दिलेल्या हद्दीत. गुंगी पुरेशी असली की बोट हलत नसे, आणि बोट हललं नाही की म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळे. म्हणून मी हद्दीच्या अगदी तळाशी राहायला लागले. भेटायची वेळ जवळ आली की खास. कोणी म्हणणार नाही की मी नियम मोडला. नियमातच होतं सगळं. पण पोरगी जास्त जागी राहावी म्हणून मी ते करत होते, आणि जागं राहणं तिच्या भल्याचं नव्हतं.

मला दिसत नव्हतं का? सगळं दिसत होतं. पेन टेकायच्या आधीच, नुसता माझा आवाज आला की तिची नाडी पळायला लागायची. मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडं जायचं. एकदा तिच्या आईनं विचारलं, ‘रडती का वो ती?’ मी कापसानं ते पाणी टिपलं आणि म्हणाले, ‘डोळ्यांत ड्रॉप घातलेत, ते ओघळतात.’ ड्रॉप सकाळी घातले होते. आईनं माझ्यावर विश्वास ठेवला.

डॉक्टरांनीही विचारलं, ‘भेटायच्या वेळेलाच हिची नाडी का वाढते?’ मी म्हणाले, ‘नातेवाईक गलका करतात.’ त्यांनी सांगितलं, माणसं कमी सोडा. मी कमी सोडली. पण म्हाताऱ्याला दाखवायचं काही बंद केलं नाही. तो दारात आला की मीच खिशाला हात घालायचे.

मग तिची ताकद आली. पापण्या उघडल्या, मान उचलली, नळी निघाली. सगळा वॉर्ड खूश. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर आले तर ती उशीला टेकून आईच्या हातून पेज खात होती. मी पहिल्यांदाच तिचे डोळे नीट बघत होते. मी म्हटलं, ‘काय गं, ओळखलंस का मला?’

घास तोंडात तसाच ठेवून तिनं उजवा हात पुढं केला आणि पहिलं बोट माझ्यापुढं धरलं.

म्हातारा तर हसून हसून बेजार. ‘बघा, सिस्टरला वळखलं पोरीनं!’ सगळे हसले. मी नळावर जाऊन हात धूत उभी राहिले, कितीतरी वेळ. त्याच दुपारी मी डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते म्हणाले, ‘वाचली ना ती. आता पुढच्या मुलाला असं करू नका.’ मला वाटत होतं त्यांनी मला चांगलं फाडून खावं. त्यांनी दुसऱ्या पेशंटची फाइल उघडली. घरी जायच्या दिवशी म्हाताऱ्यानं मला शाल आणि नारळ दिला आणि मी दोन्ही घेतलं. नाही कसं म्हणणार होते?

काही दिवसांनी आई तिला घेऊन तपासणीला आली. बाप नाही, आजोबा नाहीत, एकटीच. पोरीच्या डोळ्यांखाली काळं झालेलं, आणि बाकावर बसल्या बसल्या तिची मान कलंडत होती. मी म्हटलं, ‘हिला झोप नाही का?’ आईनं आधी इकडं तिकडं बघितलं. मग पोरीचा हात उलटा करून दाखवला. पहिल्या बोटाचं नख काळंनिळं.

‘आबा झोपू देत न्हाईत,’ ती म्हणाली. ‘इख अजून आत असंल म्हणत्यात. पोरगी पेंगली का बोट दाबत्यात. सिस्टरनं केलं तसंच करतो म्हणत्यात. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, दवाखान्यात बी तसंच करत व्हते की. मी काय बोलू सासऱ्यापुढं? तुमी येऊन सांगा. तुमचं ऐकतील.’

मी तिथल्या तिथं डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पोरीला तपासलं, विष अजिबात नाही, झोपू द्या, असं सांगितलं. पण कागदावर लिहून म्हातारा ऐकणारा नव्हता हे मला माहीत होतं. साप्ताहिक सुट्टीला मी घोडेगावातून वरची एसटी धरली.

दुपारी पोचले. खळ्यावर पेंढा रचत होते. म्हाताऱ्यानं मला बघितलं आणि हातातलं टाकून धावत आला. ‘पावणं आलं, सिस्टर आल्या!’ सुनेला हाक, कोरा चहा, बसायला घोंगडी. शेजारपाजारचे चार लोक गोळा झाले. पोरगी भिंतीला टेकून बसली होती, अर्धे डोळे मिटलेले. मला बघताच तिनं हात पुढं केला. ‘बघा,’ म्हातारा म्हणाला, ‘शिकवलेलं इसरली न्हाई.’ आणि मला काही कळायच्या आत त्यानं तिचं बोट धरून आपल्या अंगठ्याच्या नखानं दाबलं. तिनं हूं का चूं केलं नाही. नुसते डोळे उघडले.

‘अहो, सोडा! सोडा तिला!’ मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

म्हातारा गोंधळला. ‘तुमच्यावाणीच तर करतोय.’

‘म्हणूनच सांगते, सोडा. आबा, माझं चुकलं. तिला झोपू द्यायला हवं होतं, तिथंही आणि इथंही. झोपेनं काही होत नाही. तिला वाचवलं इंजेक्शनानं आणि मशीननं. माझ्या दाबण्यानं नाही.’

‘असं कसं? तुमी दाबलं म्हणून तर जागी ऱ्हायली, म्हणून जगली.’

‘नाही हो. ती जागीच होती. तिला सगळं दुखत होतं, फक्त ओरडता येत नव्हतं. आणि मला ते माहीत होतं.’

शेजारच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हातारा हळूहळू खाली बसला.

‘मंग कशापायी दाबत व्हता?’

मी आयुष्यभर लोकांना फटाफट उत्तरं दिली आहेत. हे एकच सावकाश दिलं. म्हणाले, ‘पहिल्यांदा तुम्ही तिला नेऊ नये म्हणून. नंतर... लोक माझं कौतुक करत होते म्हणून.’

त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो पोरीकडं वळला. ‘बाय, दुखायचं गं तुला?’

तिनं मान डोलावली. मग घोगऱ्या आवाजात, नळीनं घसा अजून बसलेला होता, म्हणाली, ‘हलवाया लई जोर लागायचा. न्हाई हलवलं का तुमी रडायचे. आन मला घेऊन जाणार व्हते.’

तिच्या आईनं पदर तोंडावर घेतला. मी तिच्याजवळ सरकले आणि म्हणाले, ‘बाळा, आता बोट नाही हलवायचं. आता झोप. कोणी दाबणार नाही, मी सांगते.’ तिनं ऐकलं, पण हात काही मागं घेतला नाही. माझ्या सांगण्याला तिनं का म्हणून किंमत द्यावी? ती आजोबांकडं बघत राहिली. ‘मी झोपले का आबा रडतील.’

म्हातारा उठला. मला वाटलं बाहेर जातोय. त्यानं घोंगडी ओढली, तिच्याशेजारी जमिनीवर आडवा झाला, तिला ओढून कुशीशी घेतलं आणि डोळे मिटले. ‘मी न्हाई रडत. मी बी झोपतो. झोपलो बघ.’

ती कोपरावर उठून त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं त्याचा हात उचलला, पहिलं बोट पकडलं आणि नखावर आपला अंगठा रोवला. केवढ्या जोरानं! ओठ आत गेले होते. म्हाताऱ्याच्या नखाचा रंग उडाला. त्यानं श्वाससुद्धा हलू दिला नाही. एवढ्या जोरानं कशाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण तिला दुसरं माप माहीतच नव्हतं. मी दाबायचे ते तेवढंच होतं.

तिनं बोट सोडलं. माझ्याकडं वळून बारीक आवाजात म्हणाली, ‘झोपले आबा.’

‘हो,’ मी म्हणाले, ‘झोपले.’

मग ती त्याच्या कुशीत शिरली आणि दोन्ही हात घोंगडीच्या आत, माझ्यापासून लांब ओढून घेतले.